‘वेबसाइटवर आहे, बघून घ्या’ हे उत्तर आता चालणार नाही

ऊसतोडीला निघणाऱ्या आणि गावात मागे राहणाऱ्या सर्व बंधू-भगिनींनो,

दसरा तोंडावर आला आहे. मुकादमाची उचल घेऊन झाली. थोड्याच दिवसांत बीड जिल्ह्यातल्या वाड्या, वस्त्या आणि तांडे निम्मे रिकामे होतील. टोळ्या निघण्याआधी हे पत्रक वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बसवून, मोठ्याने वाचून दाखवा. विशेषतः बायांना.

आरोग्याच्या कोणत्याही योजनेची चौकशी करायला तालुक्याला जा. खिडकीतून ठरलेलं उत्तर येतं, ‘सगळं वेबसाइटवर टाकलंय, तिथं बघा.’ विचारणाऱ्याच्या हातात साधा बटणांचा फोन असला तरी उत्तर बदलत नाही. माहिती टाकली, म्हणजे सरकारचं काम झालं. ती कोणाला सापडली, कोणाला समजली, याची नोंद ठेवायला रकानाच नाही.

सरकारच्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा 2019-21 चा आकडा पाहा. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांपैकी 38 जणींनीच आयुष्यात कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं. पुरुषांत हेच प्रमाण 61 च्या वर. खेड्यातल्या बायका वेगळ्या मोजल्या, तर शंभरात 24 सुद्धा भरत नाहीत. आकडे जुने झाले, आता घरोघरी मोबाइल आले, असं साहेब म्हणतील. आले, मान्य. पण तो असतो कोणाकडे? दिवसा नवऱ्याच्या खिशात, रात्री पोराच्या हातात. पोराच्या फोनवर ‘अंगावरून पांढरं जातं, काय करू’ असं शोधणारी एक तरी बाई आम्हाला दाखवा. आणि समजा तिने शोधलंच, तरी पुढे काय येतं? चूर्ण विकणाऱ्यांचे व्हिडिओ, सात दिवसांत गाठ विरघळवण्याचे दावे, आणि एखाद्या मोठ्या इस्पितळाचं इंग्रजी पान. चांगली माहिती इंग्रजीत आणि थाप मराठीत, अशी ही वाटणी आहे. इंग्रजी येणारा माणूस पाच मिनिटांत दुसरं मत घेऊन मोकळा होतो. आपल्याला पहिल्या डॉक्टरवरच विश्वास ठेवावा लागतो.

त्या विश्वासाची किंमत या जिल्ह्याने मोजली आहे. गर्भाशयाची पिशवी काढलेल्या बायांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यांतल्या जवळजवळ 14 हजार जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत चाळिशीही न गाठलेल्या बाया होत्या. कारणं सगळ्या गावाला ठाऊक आहेत. फडात आडोसा नाही, पाणी नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी डोक्यावर, खाडा पडला की मुकादम पैसे कापणार. या कारणांवर वेगळं पत्रक निघेल, निघायलाच हवं. इथे बोलायचं आहे ते दवाखान्यातल्या त्या एका वाक्याबद्दल: ‘पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल.’ हे वाक्य ऐकलेल्या बाईजवळ ते खरं की खोटं हे तपासायला काहीच नव्हतं. घाबरून तिने उचलीतले पैसे मोजले.

म्हणून जी माहिती कुठल्या तरी पानावर पडून आहे ती इथेच छापतो. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नव्हे. पांढरं जाणं थोडंफार नेहमीचंच असतं. वास, खाज, रंगात बदल असेल तर बहुतेक वेळा तो जंतूंचा संसर्ग असतो आणि औषधांनी बरा होतो. संबंधांनंतर रक्त जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा दिसलं असेल, तर मात्र न लाजता, न थांबता तपासून घ्या. तिशीनंतरच्या बायांच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे आणि ती मोफत आहे, ती मागा. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं, तर अकाली पाळी जाण्याचे सगळे परिणाम होतात, अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, आणि मोळी उचलून जगणाऱ्या बाईला ते परवडत नाही. 2019 च्या गदारोळानंतर आपल्या जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचं बंधन घातलं गेलं. हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का?

आणखी एक. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतलं संरक्षण 2023 च्या निर्णयाने वर्षाला कुटुंबामागे दीड लाखावरून 5 लाखांपर्यंत गेलं आणि योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला विचारा. 155388 हा नंबर साध्या फोनवरूनही लागतो. ज्या आजारावर योजनेत उपचार मिळतात त्याच आजारासाठी बैल विकणारी माणसं आजही आहेत. योजना त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही, कारण ती एका संकेतस्थळावर राहायला गेली आहे.

करोनाच्या काळात हे सगळ्या देशाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. 1 मे 2021 पासून 18 ते 44 वयाच्या लोकांना लस मिळणार होती, पण ऑनलाइन नोंदणी केली तरच. नोंदणीचं पोर्टल तेव्हा इंग्रजीत होतं. मराठी यायला जून उजाडला. तोवर शहरातली माणसं खेड्यातल्या केंद्रांवरच्या जागा घरबसल्या पकडून चारचाकीने येत होती, आणि केंद्राच्या दारात राहणारा गावकरी लस घेऊन परत जाणाऱ्या गाड्या बघत होता. सर्वोच्च न्यायालयाने 31 मेच्या आदेशात केंद्र सरकारला याच मुद्द्यावर धरलं: ज्या देशात इंटरनेट सगळ्यांच्या हाती नाही, तिथे निव्वळ पोर्टलवर विसंबून सगळ्यांना लस कशी देणार? थेट केंद्रावर जाऊन नोंदणीची वाट त्यानंतर रुंद झाली. तोंडाने नाव सांगून, कागदावर लिहूनही लस देता येत होती, हे तेव्हा सिद्धच झालं.

अंगणवाडीताईंचंही पाहा. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरातल्या ताईंनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले. फोन निकृष्ट, सारखे बंद पडणारे, आणि त्यावरचं पोषणाचं अॅप इंग्रजीत. ज्या बाईने गावाला माहिती द्यायची तिलाच परक्या भाषेत अडकवलं. आशाताईंची अवस्था वेगळी नाही. आमच्या मते खरी गोम इथेच आहे. आपलं वजन, आपलं हिमोग्लोबिन, आपली बाळंतपणं, आपला रक्तदाब हे सगळं रोज फोनमधून वर जातं. जिल्ह्याला कळतं, मुंबईला कळतं, दिल्लीला कळतं. खाली मात्र काही येत नाही. आरोग्याचं नवं कार्ड काढायला लोकांना ओळीत उभं केलं, क्यूआर कोड छापून हातात दिला. त्याचं करायचं काय, हे विचारलं तर कार्ड देणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

आता कायदा ऐका. माहिती अधिकार कायदा, 2005, कलम 4 चं उपकलम 4. सरकारने स्वतःहून द्यायची माहिती स्थानिक भाषेत आणि त्या भागात जो मार्ग सर्वांत परिणामकारक असेल त्या मार्गाने पसरवावी, असं त्यात स्पष्ट आहे. बंजारा समाजाची गोरमाटी बोली बोलणाऱ्या तांड्यावर, जिथे नेटवर्कसाठी टेकडीवर चढावं लागतं, तिथे सगळ्यांत परिणामकारक मार्ग संकेतस्थळ आहे असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा तांड्यावर येऊन तसं म्हणावं. खासगी दवाखान्यांबाबत तर 2021 च्या राज्याच्या नियमांनी थेट भिंतच दाखवली आहे: रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावलंच पाहिजे. आपल्या तालुक्यातल्या दवाखान्यांत ते कुठे लावलंय, जाऊन पाहा. कॅलेंडरच्या मागे असेल कदाचित.

ऑनलाइन काही नकोच, असं आम्ही म्हणत नाही. ज्यांना वापरता येतं त्यांनी खुशाल वापरावं. पण ती माहितीसुद्धा धड मराठीत द्या, बोलून ऐकता येईल अशी द्या. वाकडं स्कॅन केलेलं परिपत्रक टाकून ठेवलं, तर डोळस माणसालाही ते शोधून सापडत नाही. अंधांना वाचून दाखवणाऱ्या यंत्राला तर ते कोरं पानच वाटतं.

आमची मुख्य मागणी टोळ्या निघण्याआधीची आहे. प्रत्येक वाडी-वस्ती-तांड्यावर एक संध्याकाळ आरोग्य खात्याने बैठक घ्यावी. बायांची वेगळी, बाई डॉक्टर किंवा परिचारिकेसह, जिथे गोरमाटी चालते तिथे गोरमाटीत. योजनेतल्या दवाखान्यांची यादी जिथे टोळ्या जाणार त्या जिल्ह्यांची द्यावी, बीडची यादी कोल्हापूरच्या फडात काय कामाची? साखर कारखान्यांनी गाडीतळावर हीच माहिती फलकांवर मोठ्या अक्षरांत लावावी, स्पीकरवरून सांगावी. उसाच्या तारखा सांगायला त्यांचा स्पीकर चालतोच. आशाताईंना या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, फुकट राबवू नये.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बायांना घेऊन या. ग्रामपंचायत अधिकारी, वैद्यकीय अधिकारी हजर असतील तर खाली दिलेला प्रश्न तोंडी विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. हजर नसतील, तर गावात मागे राहणाऱ्यांपैकी कोणीही तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. अर्जात एवढंच लिहा:

‘माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4(4) नुसार जन आरोग्य योजनेची, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेबाबतच्या नियमांची आणि मोफत तपासण्यांची माहिती आमच्या गावात मागील एका वर्षात कोणत्या तारखेला, कोणत्या भाषेत, कोणी व कोणत्या मार्गाने दिली, याच्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात.’