भूत कोण?

जून महिन्यातली गोष्ट. अकरावीच्या शाखेवरून आमच्या कन्येने माझ्याशी अबोला धरला होता. तिला कला शाखा हवी होती आणि मला ती नको होती. (मराठीच्या प्राध्यापकाने असे म्हणावे, याचे वाचकांना हसू येईल, घरातही आले होते.) आठव्या दिवशी ती दारात उभी राहून, भिंतीकडे पाहत म्हणाली, "भुताचं काही आहे का वाचायला?"

मी फिलिपा पिअर्सबाईंची 'टॉम्स मिडनाइट गार्डन' ही १९५८ सालची कादंबरी काढून दिली.

भावाला गोवर निघाल्यामुळे टॉमची रवानगी काका-मावशीकडे होते. एका जुन्या मोठ्या घराचे तुकडे पाडून केलेली ती बिऱ्हाडे. वर म्हातारी मालकीण, तिच्याशी कोणाचे फारसे बोलणे नाही. काका माणूस वाईट नव्हे. पण पोराने एक विचारावे आणि त्याने काळ या विषयावर व्याख्यान झोडावे. (इथे मी जरा चपापलो.) एका रात्री खालचे घड्याळ तेराचे ठोके देते. टॉम मागचे दार उघडतो, तर दिवसा जिथे कचऱ्याचे डबे असतात तिथे भली मोठी बाग! त्या बागेत हॅटी नावाची पोरकी मुलगी भेटते. दोघांची गट्टी जमते आणि 'भूत तू की मी?' यावरून कडाक्याचे भांडणही होते. पुढे हॅटी मोठी होत जाते. टॉम मात्र तेवढाच राहतो आणि तिला पुसट दिसू लागतो.

शेवट सांगतो, रसभंगाची क्षमा असावी. अखेरच्या रात्री बाग नाहीशी होते. टॉम डब्यांवर आदळून हॅटीच्या नावाने टाहो फोडतो आणि सारे घर जागे होते. सकाळी काका वर जाऊन माफी मागतात, पण मालकीण म्हणते, पोरालाच पाठवा. तो वर जातो, आणि ती म्हातारीच हॅटी निघते! इतके दिवस दोघांत एक जिना काय तो होता.

दोन दिवसांनी पुस्तक माझ्या टेबलावर परत आले.

"आवडलं?"

"हो. पण बाबा, माफी मागायला दर वेळी पोरानंच जिना चढायचा असतो का?"

ती आपल्या खोलीत निघून गेली. मी चष्मा पुसला, तो पुन्हा पुसला. मग टेबलावरचा तिचा अर्ज उचलला आणि तिच्या दारावर टकटक केली.