टिकाऊपणा गोळीचा, मक्तेदारी वीस वर्षांची

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि अनेक दशकांच्या मागणीला फळ आले. न्यायालय पक्षकाराच्या दाराशी आले, याचा आनंद रास्तच आहे. परंतु सीपीआर रुग्णालयाच्या रांगेतील रुग्णाला औषध परवडेल की नाही, हे ज्या पेटंटच्या वादात ठरते, तो वाद मात्र अजूनही तज्ज्ञांची खाजगी बाब समजला जातो. २०२१ साली बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाल्यापासून अशी अपिले उच्च न्यायालयांपुढे येतात. तेथे कंपन्या मांडतात ते चाचण्यांचे तक्ते कोणत्या कसोटीवर पारखावेत, हा केवळ रसायनशास्त्राचा प्रश्न नव्हे.

ती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी घालून दिली आहे. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ या औषधाच्या बीटा स्फटिकरूपावर नोव्हार्टिस कंपनी पेटंट मागत होती. हे रूप अधिक स्थिर आहे, हवेतील ओलावा कमी शोषते, त्याची भुकटी सहज वाहते, असे तिचे म्हणणे होते. न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने निर्वाळा दिला की, हे गुण उत्पादनाला व साठवणीला उपयोगी असतील. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मधील ‘परिणामकारकता’ म्हणजे रोग बरा करण्याचे सामर्थ्य. शरीरात औषध ३० टक्के अधिक शोषले जाते, हा दावाही टिकला नाही. कारण त्यामुळे रोग बरा करण्याचे सामर्थ्य वाढते, याचा पुरावा दिला नव्हता; तुलनाही लगतच्या ज्ञात क्षाराशी न करता त्याहून मागच्या मूळ रूपाशी केली होती.

औषध टिकाऊ नको, असे कोण म्हणतो? ४० अंश उष्णता व ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने ठेवून औषधाची परीक्षा होते, ती व्हायलाच हवी. पण ते विक्रेत्याचे कर्तव्य आहे, मक्तेदारीचा हक्क नव्हे. पावसाळ्यात कमी पाझरणारी गुळाची ढेप घडविणे हे कौशल्य खरे. परंतु न पाझरणे म्हणजे अधिक गोड होणे नव्हे, हे कोल्हापूरच्या बाजारपेठेला सांगावे लागत नाही.

या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली, कारण पेटंट मिळण्यापूर्वी विरोध नोंदविण्याचा अधिकार कायद्याने कोणाही व्यक्तीला दिला आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने या विरोधावर शुल्क बसविले आणि तो दाखल करून घ्यावा की नाही, हे आधीच ठरविण्याची मुभा नियंत्रकाला दिली. कंपनीला हे शुल्क क्षुल्लक. रुग्णांच्या संघटनेला तो उंबरठाच आहे.

नियमांच्या आडून कायद्याचा आत्मा पोखरला जात असताना गप्प राहणे परवडणारे नाही. हे शुल्क रद्द झाले पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी रुग्णालयांच्या दारापर्यंत नेली पाहिजे. तक्ता कितीही लांबलचक असो, त्याला एकच प्रश्न विचारायचा: यातून रोगी अधिक बरा होतो काय?