अंदाज नको, तपासणी हवी

‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढं डॉक्टरांना सांगायला माझ्या खालाला वर्ष लागलं. त्यांनी न तपासताच गोळ्या लिहून दिल्या. त्रास परत आला. खाला परत गेली नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. चूक कुठे आहे हे न शोधता दुरुस्ती केली, तर आम्हाला जाब विचारतात. इथे कोणी विचारत नाही.

योनिमार्गातल्या जिवाणूंचं संतुलन बिघडणं, बुरशी आणि ट्रायकोमोनास हा परजीवी, या तिन्हींची लक्षणं मिळतीजुळती, पण उपचार वेगळे. ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. पीएच पट्टी काही मिनिटांत दिशा दाखवते: आकडा ४.५ च्या वर असेल, तर नुसती बुरशी असण्याची शक्यता कमी. सूक्ष्मदर्शक असेल तर स्रावाचा थेंब तिथेच पाहता येतो. असे सोपे निकष १९८३ पासून माहीत आहेत.

‘रिपोर्ट उद्या’ म्हटलं की अनेक बायका येतच नाहीत. म्हणून नव्या झटपट चाचण्या शहरातल्या प्रयोगशाळेतच नव्हे, प्राथमिक आरोग्य केंद्रातही पारखून घ्यायला हव्यात.

मोहल्ल्यातल्या शिबिरांत आपण शुगर, बीपी तपासतो. पुढच्या वेळी तिथे लेडी डॉक्टर, आडोसा आणि पीएच पट्टीही ठेवूया. लाज आजाराची नको, दुर्लक्षाची वाटू द्या.