विश्लेषण : कोळसा खाणीचं पाणी नदीत सोडताना ते मोजतं कोण? अमेरिकेतल्या राज्यांचा अनुभव काय सांगतो?

2010 साली अमेरिकेतल्या केंटकी राज्यात काही पर्यावरण संघटनांनी कोळसा कंपन्यांचे सरकारदरबारी जमा झालेले अहवाल तपासायला घेतले. खाणीतून बाहेर सोडलेल्या पाण्यात काय आणि किती आढळलं, याची नोंद या अहवालांत असते. तपासताना एक गोष्ट लक्षात आली. काही अहवालांत तारीख बदलली होती, पण आकडे जसेच्या तसे होते. म्हणजे जुनाच अहवाल नवी तारीख घालून पुन्हा दिल्याचा संशय होता. राज्याच्या यंत्रणेच्या हे लक्षात आलं नव्हतं.

खाणींच्या सांडपाण्यावर राज्यं नियंत्रण कसं ठेवतात, हे समजून घ्यायला केंटकीचं उदाहरण उपयोगी आहे. कारण तिथे नियम होते, परवाने होते, अहवालही येत होते.

खाणीतलं पाणी दूषित का होतं?

कोळशाच्या आजूबाजूच्या खडकात पायराइट नावाचं लोह आणि गंधकाचं खनिज असतं. खोदकामानंतर त्याला हवा आणि पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं. हे आम्लयुक्त पाणी खडकातलं लोह, मँगनीज, ॲल्युमिनियम विरघळवत ओढ्यात उतरतं. पुढे लोहाचा साका तळाशी बसतो आणि ओढा गंजल्यासारखा नारिंगी दिसू लागतो. मासे आणि तळातले किडे अशा पाण्यात टिकत नाहीत.

डोंगरमाथे फोडून कोळसा काढतात तिथे खडकातलं सेलेनियमही पाण्यात मिसळतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण माशांच्या शरीरात साठतं आणि त्यांच्या पिल्लांमध्ये व्यंग निर्माण करतं.

यातली सगळ्यात अवघड बाब म्हणजे खाण बंद झाली तरी ही प्रक्रिया थांबत नाही. ती अनेक दशकं चालू राहू शकते.

नियम केंद्राचे की राज्यांचे?

दोघांचेही. 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार परवान्याशिवाय नदी-ओढ्यात सांडपाणी सोडता येत नाही. किमान मर्यादा केंद्राची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए ठरवते. परवाना देणं, तपासणी करणं आणि दंड लावणं ही कामं मात्र बहुतेक राज्यांकडे सोपवली आहेत. शिवाय 1977 च्या कायद्यानुसार खाणीच्या जागेचं पुनर्वसन करण्याची हमीरक्कम कंपनीला आधीच भरावी लागते.

चालू खाणींसाठीच्या केंद्रीय मर्यादा साधारण अशा आहेत :

- लोह : महिन्याची सरासरी लिटरमागे 3.5 मिलिग्रॅम, एका दिवशी जास्तीत जास्त 7
- पाण्यातले घन कण : सरासरी 35 मिलिग्रॅम, एका दिवशी जास्तीत जास्त 70
- पीएच, म्हणजे आम्लता : 6 ते 9 च्या दरम्यान

मोठा पाऊस झाल्यास यातल्या काही मर्यादा शिथिल होतात. या केंद्रीय यादीत सेलेनियम नाही. त्याचा निर्णय राज्यांच्या पाणी-गुणवत्ता निकषांवर अवलंबून असतो.

मग अडचण कुठे येते?

पाणी तपासण्याची जबाबदारी कंपनीचीच असते. नमुना कंपनी घेते, प्रयोगशाळेचे पैसे कंपनी देते आणि अहवालही कंपनीच पाठवते. खोटा अहवाल देणं गुन्हा आहे, पण तो पकडण्यासाठी कुणीतरी आकडे वाचावे लागतात. त्यातच केंटकी किंवा वेस्ट व्हर्जिनियासारख्या राज्यांत नोकऱ्या, कर आणि राजकारण दीर्घकाळ कोळशाभोवतीच फिरत आलं. ज्या उद्योगावर राज्य पोसलं गेलं, त्यालाच शिस्त लावायचं काम त्या राज्यावर आलं.

कायद्यात यावर एक तोडगा आहे, तो म्हणजे नागरिकांचा दावा. कोणीही बाधित नागरिक 60 दिवसांची नोटीस देऊन प्रदूषण करणाऱ्या कंपनीला थेट न्यायालयात खेचू शकतो. मात्र त्या 60 दिवसांत सरकारनं स्वतः गांभीर्यानं कारवाई सुरू केली, तर नागरिकांचा दावा अडतो.

केंटकीत हेच झालं. संघटनांनी 20 हजारांहून अधिक उल्लंघनांची नोटीस दिली. मुदत संपण्याआधीच राज्यानं कंपन्यांशी तुलनेनं किरकोळ दंडावर तडजोड मांडली. न्यायाधीशांनी संघटनांना त्या खटल्यात बाजू मांडू दिली आणि प्रकरण लांबलं. 2014 मध्ये त्यांपैकीच फ्रेझर क्रीक या कंपनीला पुन्हा नोटीस गेली. आरोप तोच होता : आकडे पुन्हा पुन्हा तेच वापरले जात आहेत. या वेळी उल्लंघनांचा आकडा सुमारे 28 हजार होता.

केंद्रानं हस्तक्षेप केला की काय होतं?

दंडाची रक्कम बदलते. 2008 मध्ये मॅसी एनर्जी कंपनीनं केंद्राशी तडजोड करून 2 कोटी डॉलर दंड भरला. पुढे मॅसीला विकत घेणाऱ्या अल्फा नॅचरल रिसोर्सेसला 2014 मध्ये 2 कोटी 75 लाख डॉलर दंड झाला. त्याशिवाय पाणी शुद्ध करण्यासाठी अंदाजे 20 कोटी डॉलर खर्च करण्याचं कंपनीनं मान्य केलं. पाच राज्यांमधली 6 हजारांहून अधिक उल्लंघनं त्यात होती. ती घडत होती तेव्हा या पाचही राज्यांत नियामक यंत्रणा होतीच.

मोजण्याची पद्धतच बदलली तर?

पूर्वी केंटकीत सेलेनियमचा दीर्घकालीन निकष सरळ होता : लिटरभर पाण्यात 5 मायक्रोग्रॅम. 2013 मध्ये राज्यानं तो बदलला. आता पाण्यात ही पातळी ओलांडली की माशांच्या शरीरातलं सेलेनियम मोजायचं आणि उल्लंघन त्यावरून ठरवायचं. ईपीएनं त्याला मंजुरी दिली. 2016 मध्ये तिच्या राष्ट्रीय शिफारशीतही माशांच्या शरीरातल्या प्रमाणाला प्राधान्य मिळालं.

शास्त्रीयदृष्ट्या याला आधार आहे, कारण नुकसान माशांचंच होतं. पण बाटलीत पाणी भरणं कोणत्याही गावकऱ्याला जमतं, मासे पकडून प्रयोगशाळेत पाठवणं जमत नाही. आणि ज्या ओढ्यात मासेच उरले नाहीत तिथे काय मोजायचं, हा टीकाकारांचा प्रश्न आहे.

कंपनीच बुडाली तर?

तर खर्च राज्यावर येतो. वेस्ट व्हर्जिनियात 2020 मध्ये ईआरपी नावाची कंपनी कोलमडली, तेव्हा तिच्याकडे खाणींचे 100 हून अधिक परवाने होते. हा भार राज्याच्या पुनर्वसन निधीला पेलणार नाही, असं राज्यानंच न्यायालयात सांगितलं. पेनसिल्व्हेनियात जुन्या, बेवारस खाणींमुळे सुमारे 5,500 मैल लांबीचे ओढे-नद्या आजही बाधित आहेत. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्यात अशा बेवारस खाणींसाठी 11.3 अब्ज डॉलरची तरतूद झाली. हा पैसा करदात्यांचा आहे.

हा विषय आता का महत्त्वाचा?

दोन कारणं आहेत. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं 'सॅकेट' खटल्यात केंद्रीय कायद्याची व्याप्ती कमी केली. फक्त पावसात वाहणारे छोटे ओहोळ त्यातून बाहेर पडण्याची शक्यता वाढली आणि खाणी अनेकदा अशाच डोंगरी ओहोळांच्या उगमाशी असतात. दुसरीकडे, एप्रिल 2025 मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी कोळसा उद्योगाला चालना देणारा आदेश काढला. केंद्राची पकड सैल होत असताना राज्यं किती कडक राहतात, यावर बरंच काही ठरेल.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत कोळसा खाणी आहेत आणि वर्धा, पैनगंगा, कन्हान या नद्याही आहेत. आपल्याकडेही रचना मिळतीजुळती आहे. 1974 चा जल प्रदूषण कायदा केंद्राचा, पण संमतीपत्र देणं आणि तपासणी करणं राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कोळसा खाणींसाठी केंद्राचे 2000 सालचे निकष आहेत. त्यांत पीएच 5.5 ते 9 आणि घन कण लिटरमागे 100 मिलिग्रॅमपर्यंत चालतात. म्हणजे या दोन्ही बाबतींत आपले निकष अमेरिकेपेक्षा सैल आहेत. 2024 च्या दुरुस्तीनं अनेक गुन्ह्यांसाठी तुरुंगवासाऐवजी 10 हजार ते 15 लाख रुपयांचा दंड आणला. ती लागू करायची की नाही, हे राज्यांनी ठराव करून ठरवायचं आहे.

आणि 60 दिवसांची नोटीस आपल्याही कायद्यात आहे. जल कायद्याच्या कलम 49 नुसार मंडळाला ही नोटीस देऊन कोणीही नागरिक न्यायालयात तक्रार करू शकतो. पर्यावरण मंजुरी घेतलेल्या खाणींना दर सहा महिन्यांनी अनुपालन अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. तुमच्या भागात खाण असेल तर तिचे लागोपाठचे दोन अहवाल मिळवून शेजारी शेजारी ठेवून पाहा. केंटकीतला गैरप्रकार एवढ्यानंच उघड झाला होता.