शालेय राज्य कुस्तीची तारीख लागेपर्यंत पोरांनी उपाशी राहायचं का?

पोस्ट लांब आहे आणि कुस्तीची आहे. पण गदेची नाही, त्यामुळे अर्धे लोक इथूनच पुढे सरकतील. चालायचंच.

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली. पृथ्वीराज मोहोळ जिंकला. पण रस्त्यात कुणालाही थांबवून विचारा, त्याला जिंकलेला पैलवान आठवणार नाही, पंचाला बसलेली लाथ आठवेल. दोन-तीन दिवस सगळ्या चॅनलवर तीच क्लिप फिरत होती. मग मार्चमध्ये कर्जतला दुसरी महाराष्ट्र केसरी झाली, ती वेताळ शेळकेने जिंकली. राज्य एक, वर्ष एक, केसरी दोन. संघटनांच्या भांडणात कुणाची बाजू बरोबर यावर मी इथे एक ओळही लिहिणार नाही, त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

याच राज्यात दरवर्षी आणखी एक राज्य कुस्ती स्पर्धा होते. शालेय. १४, १७ आणि १९ वर्षांखालची मुलं-मुली. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य. ती सरकारचं क्रीडा खातं घेतं, म्हणून तिथे संघटनेचं भांडण फार चालत नाही, आणि एका वजनात विजेता एकच असतो. तोच पुढे राष्ट्रीयला जातो. तिथे चॅनल नाही, लाइव्ह नाही, आणि निकाल पेपरात आलाच तर आतल्या पानावर चार ओळी. दोन ओळी उद्घाटनाला कोण आलं होतं याच्या.

तरी तिची वाट बघणारे लोक आहेत. आमच्या मढमध्येसुद्धा आहेत, हे सांगितलं की मालाड स्टेशनच्या अलीकडचे हसतात. मढ म्हणजे शूटिंगचे बंगले, अक्सा बीच आणि वर्सोव्याची बोट एवढंच लोकांना माहीत. इथे खेळ म्हणजे क्रिकेट आणि कबड्डी, हे खरंय. पण मढ ते मालवणी या पट्ट्यात दहा-बारा जणांचं एक टोळकं आहे, ज्यांना ऑगस्ट लागला की दुसरं काही सुचत नाही. त्यात एक निवृत्त बस कंडक्टर आहेत, मूळचे कराडकडचे. एक नाखवा आहे, त्याने स्वतः कधी लंगोट लावला नाही पण पॉइंट पंचाच्या आधी सांगतो. एक मावशी आहेत, मासळी विकतात. त्यांची मुलगी दोन वर्षं शाळेकडून खेळली, मग लग्न झालं, तरी मावशींनी ग्रुप सोडला नाही. २०२३ ला सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, अंतिम फेरीत सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि कल्याणची वैष्णवी पाटील. कुस्ती प्रतीक्षाने मारली, पण मावशी दोन दिवस ‘आपली कल्याणची’ एवढंच सांगत फिरत होत्या. कल्याण आणि मढ यांच्यात काय नातं, असं विचारायची सोय नव्हती.

हे लोक वर्षभर काय बोलतात? कोण कुठल्या वजनात उतरणार. कोल्हापूर-सांगलीकडचा कोण डाव्या अंगाने लढतो. एकेरी पट काढल्यावर कोणाला भारंदाज लागतो आणि कोणाचा सुटतो. मागच्या वर्षी १७ वर्षांखाली ५५ किलोत तिसरा आलेला यंदा १९ मध्ये गेला का. मोठ्यांच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव असतात, या पोरांचे दोन-दोन मिनिटांचे. चार मिनिटांत सगळं. फ्रीस्टाइलला १० गुणांची आघाडी झाली की तिथेच संपलं. त्यामुळे रेटारेटी, वेळ काढणं, एकमेकांची मान धरून गोल फिरणं हा प्रकार इथे कमी. पोरं डाव टाकतात. फसले तर पडतात, उठतात, परत टाकतात. कुस्ती बघायची असेल तर हीच बघावी, हे माझं मत आहे आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

आणखी एक कारण. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलोचा. आपण गदा तिथे देतो, मानाची गाडी तिथे देतो, मिरवणूक तिथेच काढतो. आता इतिहास बघा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोपर्यंतच्या गटात. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचं वैयक्तिक पदक महाराष्ट्राच्या खेळाडूने आणायला २०२४ उजाडलं, तेही नेमबाजीत, स्वप्निल कुसळेने. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या राहुल आवारेचं २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्ण ५७ किलोतलं, २०१९ चं जागतिक कांस्य ६१ किलोतलं. आणि आपला जोगेश्वरीचा नरसिंग यादव. दूधवाल्याचा मुलगा, कांदिवलीच्या साई केंद्रात घडलेला, २०११ ते २०१३ सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. पण जगात नाव झालं ते २०१५ च्या जागतिक कांस्याने, ७४ किलोत. पुढे रिओच्या तोंडावर उत्तेजकाचं प्रकरण आणि चार वर्षांची बंदी, ते सगळं आपण पाहिलं. मुद्दा असा की बाहेर जाऊन पदक आणणारा पैलवान बहुतेक वेळा हलक्या किंवा मधल्या वजनाचा निघालाय. आणि तो पहिल्यांदा दिसतो तो शाळेच्या स्पर्धेत, १७ वर्षांखाली, ४८ नाहीतर ५१ किलोत, हाफ पँट घालून काट्यासमोरच्या रांगेत.

त्या काट्याबद्दलच लिहायचं होतं.

आमच्या कोळीवाड्यातला एक पोरगा यंदा जिल्ह्याला ४८ किलोत पहिला आला. नाव, शाळा काही लिहीत नाही, पोरगा दहावीला आहे. बाप डोलीच्या बोटीवर जातो. पोरगा लहानपणापासून जाळं ओढायला लागलाय, त्यामुळे पकड अशी की हात सोडवताना समोरच्याचा घाम निघतो. सरावाला जायचं म्हणजे पहाटे उठून बसने मालाड, मग ट्रेन, मग रिक्षा नाहीतर पायी. संध्याकाळी तेच उलटं. बसायला गादी नाही मिळाली तरी चालेल, लढायला मॅट पाहिजे, आणि ती मढच्या जवळपास नाही. हे रडगाणं वेगळं, ते परत कधीतरी.

जिल्ह्याला तो ४८ मध्ये बसला तेव्हा नेमका बसला होता. काही तोडावं लागलं नाही. पण नियम असा की ज्या वजनात जिल्हा जिंकला त्याच वजनात विभाग, त्याच वजनात राज्य. मधे गट बदलता येत नाही. आणि पोरगा पंधरा-सोळा वर्षांचा आहे हो. या वयात पोरं गणपतीला घेतलेली पँट दिवाळीला आखूड करून टाकतात. १७ वर्षांखाली ४८ नंतर ५१, मग ५५, मग ६०. म्हणजे ४८ चा पोरगा तीन महिन्यांत ५१ चा होणं हा काही गुन्हा नाही, त्याला वाढ म्हणतात. आई-बापाला आनंद व्हायला पाहिजे. इथे घरात सुतक आल्यासारखे चेहरे.

बरं, विभाग कधी? नक्की नाही. राज्य कधी? दिवाळीआधी की नंतर, तेही नक्की नाही. एक तारीख तोंडी आली, ती पुढे गेली. दुसरी आली, ठिकाण बदललं म्हणून तीही गेली. मोठ्या माणसाला तारीख पुढे गेली तर रजा बदलावी लागते. या पोराला तारीख पुढे गेली की आणखी पंधरा दिवस अर्ध्या भाकरीवर राहावं लागतं. ५१ वरून ४८ म्हणजे तीन किलो, अंगातल्या वजनाच्या जवळजवळ सहा टक्के. आणि त्याच्या अंगावर तोडायला चरबी नाही, ते सगळं पाणी आणि स्नायू. मग प्लॅस्टिकचं जॅकेट घालून अक्साच्या वाळूत पळायचं. पाणी प्यायचं नाही, नुसतं खळखळून थुंकायचं. आईला सांगून ठेवलंय, चिवडा-चकली यंदा करू नकोस, वास आला तरी त्रास होतो. धाकटी बहीण रुसली आहे.

वजन तोडण्याने काय होतं हे आता गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये विनेश फोगाट रात्रभर जागून, केस कापूनसुद्धा १०० ग्रॅमने अडकली. त्याच पॅरिसमध्ये अमन सेहरावतने कांस्य कुस्तीच्या आधी दहा तासांत ४.६ किलो उतरवलं, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत तोच अमन १.७ किलो जास्त भरला आणि न लढता परत आला. ही तर मोठी माणसं, मागे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, मसाजवाला. अमेरिकेत १९९७ च्या शेवटी तीन कॉलेज पैलवान वजन तोडताना मेले, काही आठवड्यांच्या अंतराने. तेव्हा तिथे जाग आली. हंगाम सुरू होतानाच तपासणी करून ‘या खेळाडूने याच्या खालच्या वजनात उतरायचं नाही’ असं ठरवून द्यायला लागले, पुढे तिथल्या शाळांमध्येही ते आलं. यात रॉकेट सायन्स काही नाही. एक काटा, एक डॉक्टर, एक लघवीची तपासणी आणि एक सही.

मी हे आमच्या टोळक्यात बोललो. कंडक्टर काका म्हणाले, “अहो, कुस्तीत वजन तोडतातच. आमच्या वेळी वस्ताद दोन दिवस पाणी देत नसत.” काका, तुमचा मी आदर करतो, पण तुमच्या वेळी मातीत जोड लावताना वस्ताद डोळ्याने बघून लावायचे, तिथे ग्रॅमचा हिशेब नव्हता. नाखवा वेगळं बोलला, आणि त्याचं बोलणं मला जास्त लागलं. तो म्हणाला, “पोरगा राज्याला गेला तर दहावीला मार्क मिळतील, पुढे नोकरीत खेळाडूचा कोटा हाय. बोटीवर काय हाय आता?” याला माझ्याकडे पटकन उत्तर नव्हतं. दहावीचे क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. ज्या घरात मासळी दरवर्षी कमी येतेय तिथे हे आकडे म्हणजे जीव आहे. म्हणूनच पोरगा उपाशी राहतो आणि कुणी त्याला थांबवत नाही. त्याला ‘जाऊ दे रे, पुढच्या वर्षी ५१ ला लढ’ असं म्हणणं मला सोपं आहे, मी पगारावर बसलोय. पुढच्या वर्षी दहावी नसेल.

तेव्हा दोष पोराचा नाही, बापाचा नाही. मला विचाराल तर कोचचाही अर्धाच. तारखेचा आहे. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा बोर्डाच्या परीक्षेच्या तारखा सांगायची आपली तयारी असते, मग शालेय कुस्तीच्या का नाही? जिल्हा, विभाग, राज्य, तिन्ही तारखा जूनमध्ये लावा आणि जिल्हा ते राज्य हे अंतर पाच-सहा आठवड्यांच्या वर जाऊ देऊ नका. अडचणी मला कळतात. क्रीडा कार्यालयात माणसं कमी, मैदान-हॉल दुसऱ्याच्या हातात, मधेच निवडणुका येतात, पाऊस लांबतो. ठीक आहे, तारीख जाईल पुढे. मग जिल्ह्यापासून राज्यापर्यंत दोन महिने उलटले तर पोराला एक गट वर लढायची मुभा द्या ना! ज्याने जिल्हा जिंकलाय तो वरच्या वजनात मार खाईल की मारेल ते मॅटवर ठरू दे, त्याच्या पोटात कशाला ठरवता? वरच्या गटाचा विजेता आधीच ठरलेला असतो, त्याच्यावर अन्याय होईल, हा आक्षेप एका क्रीडाशिक्षकाने घेतला आणि तो बरोबर आहे. पण मग दोघांची एक चाचणी कुस्ती लावता येईल. मोठ्यांच्या राष्ट्रीय निवडीला चाचणी चालते, इथेही चालेल.

आणि डॉक्टरांनी ठरवलेलं किमान वजन जिल्ह्यालाच अर्जावर लिहिलं गेलं पाहिजे. हे काम तारखांपेक्षा सोपं आहे, कारण त्याला हॉल लागत नाही.

आता आपल्यासारख्या बघ्यांकडे येतो. ग्रुपवर पोराची विचारपूस करताना पहिला प्रश्न काय असतो? “वजन किती?” दिवसातून चार वेळा. काट्याचा फोटो टाक म्हणतात. तो ५०.१ टाकतो, खाली रडके चेहरे येतात. ४९.८ टाकतो, टाळ्या. पोरगं दोन घास खातं तेव्हा त्याला आपले चेहरे दिसत असणार. जिल्ह्याच्या फायनलला त्याने शेवटच्या वीस सेकंदांत पिछाडीवरून बाहेरची टांग लावली होती, नाखवा खुर्चीवर उभा राहिला होता, मावशींनी शिट्टी मारली होती. त्या कुस्तीवर आपण किती बोललो? एक संध्याकाळ. काट्यावर महिना झाला बोलतोय.

मी क्रीडा कार्यालयात तारखेसाठी लेखी अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे. ज्यांची मुलं विभागाला निवडली गेली आहेत अशा पालकांनी आपापल्या शाळेमार्फत तेवढंच करावं, एका पानाचा अर्ज पुरतो. आकडा वाढला तर फाइल हलते, हे वीस वर्षं बातम्या लिहून कळलेलं शहाणपण आहे.

आमच्या पोराचं परवा सकाळचं वजन ५०.४. संध्याकाळी तो पळायला गेला तेव्हा आईने खिशात दोन खजूर घातले होते. ते तसेच परत आले.