करवत घेताय? आधी बॅटरी बघा

माधवनगरात रविवारी सकाळी कुठल्यातरी गच्चीवरून घर्रर्र आवाज आला की ओळखायचं, कुणीतरी रील बघून बुकशेल्फ करायला घेतलंय. रीलमधला बाबा कॉर्डलेस सर्क्युलर सॉ उचलतो, लोणी कापावं तसा प्लाय कापतो आणि आपलीही बोटं शिवशिवतात. त्यात दिवाळीचा सेल.

घ्या की. पण वर्षातून दोन-तीनदाच कापाकापी करणार असाल तर करवत नंतर निवडा, बॅटरी आधी. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीला बसत नाही. घरात कॉर्डलेस ड्रिल असेल तर त्याच बॅटरीवर चालणारी नुसती मशीन घ्या. बॅटरी आणि चार्जरचे पैसे वाचतात, आणि ते काही थोडे नसतात.

व्होल्टच्या आकड्याला भुलू नका. खोक्यावर कुठे १८ लिहितात, कुठे २०, कुठे २१. आत बहुधा तेच पाच लिथियम सेल एकामागे एक जोडलेले. एका सेलचे ३.६ धरले तर १८ होतात, फुल चार्जचे ४.२ धरले तर २१. बघायचं ते अँपिअर-अवर. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२ वॅट-अवर. १२०० वॅटची वायरवाली करवत पूर्ण भारावर एवढी वीज साडेतीन मिनिटांत संपवेल. कॉर्डलेस मशीन जरा जपून खाते, पण दिवसभर कापत बसू हे विसरा. आणि रिकामी होऊन वर्षभर माळ्यावर पडलेली बॅटरी पुढच्या दिवाळीला दगा देऊ शकते. म्हणून प्लग जवळ असेल तर मी वायरवालीच घ्या म्हणेन, रीलमध्ये ती कितीही गावठी दिसो.

पात्याचं थोडक्यात. १६५ मिलिमीटरचं पातं साधारण ५५ मिलिमीटर खोल जातं, १८ एमएम प्लायला ते भरपूर झालं. २४ दात्यांचं पातं झपाट्याने कापतं, पण प्लायची कड उचकटतं. ४० दात्यांचं वेगळं घ्या. प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, कारण दाते खालून वर कापत येतात.

गंमत म्हणजे हे यंत्र जन्मलं उसापायी. १९२०च्या दशकात अमेरिकेत एडमंड मिशेलने मजुरांना कोयत्याने ऊस तोडताना पाहिलं आणि कोयत्यालाच मोटर जोडली. पुढे त्यातून लाकडाची करवत झाली. आपल्याकडे कोयता अजून बराचसा हातानेच चालतोय.

मला भीती वाटते ती महाग मशीनची नाही, जुगाडाची. सॉची किंमत बघून पोरं मागे फिरतात आणि घरातल्या चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावतात. ते ऑनलाइन सहज मिळतं, बसतंही. पण ग्राइंडर मिनिटाला अकरा हजारांच्या आसपास फेरे घेतो, कॉर्डलेस सॉ साधारण त्याच्या निम्म्याने. सॉला प्लायवर टेकणारी सपाट बैठक असते आणि कापून झालं की आपोआप पात्यावर येणारं खालचं झाकण असतं. ग्राइंडरला यातलं काहीच नाही. दाता लाकडात अडकला की मशीन हातातून उसळते.

माझ्या आत्तेभावाने हेच केलं. हातमोजे घातले होते, त्याचा उपयोग झाला नाही. उलट मोजा पात्यात गुंतला. डाव्या हाताच्या दोन बोटांना टाके पडले. तो तबला शिकत होता, दोन परीक्षा झाल्या होत्या. डग्ग्यावरची ती बोटं आता पूर्ण वळत नाहीत, क्लास बंद आहे. कुणी विषय काढला की तो मोबाइलमध्ये डोकं घालतो.

तेव्हा पहिल्याच शेल्फसाठी मशीन हवीच का, हे एकदा स्वतःला विचारा. कागदावर मापं लिहा, आठ बाय चारच्या शीटमध्ये तुकडे कसे बसतात ते आखा आणि प्लायच्या दुकानात किंवा ओळखीच्या सुतारकाकांकडे थोडे पैसे देऊन कापून घ्या. स्क्रू मारणं, पॉलिशपेपर घासणं, रंग देणं घरी करा.

आत्तेभावाचा रॅकही शेवटी तसाच झाला. आत्याने त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्यात.