न वाचलेल्या वहीची पूजा

भोपाळच्या दुकानदाराला वर्षातून चार वेळा नवे वर्ष लाभते; जुने वर्ष मात्र त्याचे एकदाही संपत नाही. चैत्रात आमच्या दारी गुढी उभी राहते, आणि इकडच्या पंचांगाप्रमाणे विक्रम संवतही त्याच दिवशी बदलते. कार्तिक प्रतिपदेस, म्हणजे दिवाळीच्या पाडव्यास, नव्या वहीचे पहिले पान उघडते. 1 एप्रिलला सरकारचे वर्ष सुरू होते आणि 1 जानेवारीला कॅलेंडरे वाटणाऱ्यांचे. चार आरंभ, चार मुहूर्त, चार वेळा पेढे. परंतु गेल्या वर्षात काय मिळविले, काय गमावले, कोणाकडून किती येणे आहे आणि कोणाचे किती देणे, हा प्रश्न या चारांपैकी एकाही दिवशी आपल्या बहुसंख्य दुकानांत विचारला जात नाही, असा माझा आरोप आहे. उत्तरे देणे आणि आरोप करणे हा माझा धंदाच खरा. तथापि हा आरोप मी मनोरंजनासाठी करीत नाही.

मुंबई-गोव्याच्या वाचकांसाठी दोन शब्द येथील आपल्या मंडळींविषयी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले, तेव्हा नागपुराहून आणि ग्वाल्हेर-इंदुराहून सरकारी दप्तरांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे येथे आली. त्याच वर्षी स्थापन झालेल्या हेवी इलेक्ट्रिकल्सने, म्हणजे आजच्या भेलने, आणखी काही आणली. आले ते नोकरदार. दुकान, छापखाना, खानावळ, गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले लेथचे वर्कशॉप, हे पुढच्या पिढीने काढले. पगाराच्या घरात वाढलेल्या माणसाला महिनाअखेर कळते, वर्षअखेर कळत नाही. मग तो म्हणतो, ‘हिशेब ही मारवाड्याची विद्या, ती आपल्या रक्तात नाही.’ यासारखे आळशी वाक्य दुसरे नसेल. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, झाडा हे शब्द कोणाच्या भाषेतले आहेत? याच भोपाळपाशी 1737 च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत धरले, आणि पुढच्या महिन्यात दोराह्याच्या तहात माळव्याबरोबर पन्नास लाख रुपये मोहिमेच्या खर्चाबद्दल मिळवून देण्याचे कबूल करून घेतले. कर्जाने गांजलेल्या त्या पेशव्याला विजयाच्या दिवशीही खर्चाचा आकडा विसरता आला नव्हता. आपण दिवाळीच्या दिवशी तो मुद्दाम विसरतो.

वहीपूजनाचा विधी सर्वांच्या परिचयाचा आहे. तांबडी वही, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, ‘श्री’ची उतरंड, ‘शुभ’ आणि ‘लाभ’, विड्याचे पान, सुपारी, लेखणी. त्यात मला काहीही वावगे वाटत नाही. माझ्या कचेरीतही ही पूजा होते. परंतु नवी वही पूजावयाची ती जुनी मिटली म्हणून, ही मूळची गोष्ट आपण गाळून टाकली आहे. जुने पेढीवाले दिवाळीपूर्वी खाती उतरवीत, प्रत्येक गिऱ्हाइकाची बाकी काढीत, त्याला पेढीवर बोलावून ती वाचून दाखवीत आणि खाली त्याची सही घेत. वीस रुपयांवरील देण्याच्या कबुलीवर एक आण्याचे तिकीटही लावीत. हे सर्व झाल्यावर कुंकू. आपण कुंकू ठेवले आणि सही सोडली.

त्या सहीत काय होते, हे आम्हा वकिलांना विचारावे. 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे उधार दिलेल्या मालाची किंमत मागण्याचा दावा माल पोचविल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरलेली असेल तर ती संपल्यापासून तीन वर्षे. तीन वर्षे म्हणजे तीन दिवाळ्या. चौथ्या दिवाळीला ते येणे मरत नाही, परंतु न्यायालयाचे दार त्याला बंद होते. मात्र मुदत संपण्यापूर्वी देणेदाराने सही करून बाकी कबूल केली, तर त्या सहीच्या तारखेपासून नवी तीन वर्षे सुरू होतात. म्हणजे दरसाल दिवाळीला सही घेणारा तो धोतरवाला पेढीदार कायद्याचे एक पान न वाचता आपले येणे जन्मभर जिवंत ठेवीत होता. आणि नुसती वही पुरेशी नव्हे, हेही त्याला ठाऊक होते. नियमितपणे ठेवलेल्या हिशेबातील नोंद पुराव्यात चालते, परंतु केवळ तिच्यावरून कोणाच्या माथी देणे लादता येत नाही. 1872 च्या पुराव्याच्या कायद्यात हे होते. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही, संगणकातील हिशेबाच्या उल्लेखासह, ते तसेच आहे.

एक प्रकरण सांगतो, नावगाव गाळून. जुन्या शहरातील एक दुकानदार पावसाळ्यात अकस्मात वारले. महिन्याभराने त्यांचा मुलगा माझ्याकडे नऊ वह्या घेऊन आला. प्रत्येक वहीवर स्वस्तिक होते, प्रत्येक वहीत मार्गशीर्षापर्यंतच्या नोंदी होत्या आणि पुढे कोरी पाने. बाकीचा हिशेब तारेत टोचलेल्या चिठ्ठ्यांवर. त्यांतल्या निम्म्यांवर तारीख नाही, काहींवर नावाऐवजी ‘लांबवाले’, ‘चष्मेवाले’ अशा खुणा. मुलगा म्हणाला, ‘‘वकीलकाका, बाबांना सगळं तोंडपाठ होतं.’’ असेलही, परंतु ते पाठांतर बाबांबरोबर गेले. ज्यांचे देणे होते ते तेराव्याच्या आत कागद घेऊन आले. ज्यांच्याकडून येणे होते तेही आले, सांत्वनाला. चहा घेऊन गेले.

आता या मुलाची कायद्यातील अवस्था पाहा. मृताचे येणे न्यायालयामार्फत वसूल करावयाचे तर वारसा प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी 1925 च्या वारसा कायद्याखालील अर्जात कोणते येणे मागावयाचे आहे ते नमूद करावे लागते. ‘चष्मेवाले’ असे नमूद करता येत नाही. उलट, एकट्याच्या मालकीच्या दुकानाला मालकाहून वेगळे अस्तित्व नसल्यामुळे दुकानाचे देणे ते मालकाचेच देणे. त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेवर, राहत्या घरासकट, धनकोंचा हात पोचतो. बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, हा जुना नियम 2005 च्या हिंदू वारसा दुरुस्तीने पुढील ऋणांपुरता संपविला, म्हणून तो मुलगा स्वतःच्या कमाईपुरता बचावला, एवढेच. आईचे दागिने कोणत्या बँकेत गहाण आहेत, हे त्याला बँकेच्या नोटिशीवरून कळले. त्या बाईंनी पस्तीस वर्षे लक्ष्मीपूजनाची तयारी केली होती. पूजेतल्या वहीत काय लिहिले आहे, हे त्यांना एकदाही कोणी सांगितले नव्हते.

यावर आपल्या समाजातील भाविक मंडळींचे उत्तर मला माहीत आहे. ‘सणाच्या दिवशी तोट्याची गोष्ट काढू नये, ते अशुभ.’ मी नम्रपणे विचारतो, देवळात आपण काय करतो? गोव्यातील देवस्थानांच्या महाजनांना 1933 च्या पोर्तुगीजकालीन नियमावलीने अंदाजपत्रक आणि हिशेब करणे भाग पाडले. गोवा मुक्त झाल्यावरही ती नियमावली चालू राहिली. इतरत्रही आपल्या देवस्थानांच्या वार्षिक सभेत जमाखर्च मोठ्याने वाचला जातो. दिव्याच्या तेलाला इतके पैसे का, पालखीच्या दुरुस्तीची पावती कोठे आहे, यावर तास तास वाद होतो, आणि व्हावा. त्या वादाने देव बाटल्याचे कोणी ऐकले नाही. मग देवाच्या पैशाचा झाडा देवासमोर देणे शुभ, आणि मुलाबाळांच्या अन्नाचा झाडा लक्ष्मीसमोर देणे अशुभ, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? सभेत तेलाच्या पावतीसाठी उठून उभा राहणारा सभासद स्वतःच्या दुकानाची उधारी किती, हे सांगू शकत नाही, असे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. ते सभासद रागावतील; रागवोत.

दोष सगळा दुकानदाराचा, असे मात्र मी म्हणणार नाही. सरकारनेही त्याची दिवाळी त्याच्याकडून काढून घेतली. एप्रिल-मार्च हे वर्ष 1867 पासूनचे, इंग्रजांचे. तरी प्राप्तिकरासाठी दिवाळी ते दिवाळी वर्ष धरण्याची मुभा व्यापाऱ्याला कित्येक दशके होती. 1987 च्या दुरुस्तीने ती गेली आणि 1989-90 च्या आकारणीपासून सर्वांना 31 मार्च हीच वर्षअखेर झाली. तेव्हापासून हिशेबाचा दिवस आणि पूजेचा दिवस वेगळे पडले. पूजा घरात राहिली, हिशेब करसल्लागाराकडे गेला. पुढे मे 2017 मध्ये याच भोपाळात राज्याच्या मंत्रिमंडळाने आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर करण्याचा निर्णय घेतला. असा निर्णय घेणारे देशातील पहिले राज्य म्हणून गाजावाजा झाला. पुढचा अर्थसंकल्प एप्रिल-मार्चचाच आला, आणि ती गोष्ट तेथेच निजली. वर्ष कधी सुरू करावे याची चर्चा आपल्याकडे फार रंगते. संपलेल्या वर्षाचे काय, हे विचारावयास मंत्रिमंडळही बसत नाही आणि दुकानदारही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. वर्षाची उलाढाल दोन कोटींच्या आत असेल, आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांहून अधिक नसेल तर तीन कोटींच्या आत, तर उलाढालीच्या आठ टक्के, बँकेमार्फत आलेल्या रकमेवर सहा टक्के, उत्पन्न धरून कर भरण्याची सवलत कायदा देतो; तपशीलवार वह्या ठेवण्याचा जाच नाही. सवलत चांगली आहे. परंतु ‘हिशेब दाखविण्याची गरज नाही’ याचा अर्थ आपण ‘हिशेब असण्याची गरज नाही’ असा केला. आठ टक्के हा सरकारने धरलेला नफा आहे. खरा नफा तीन टक्के असेल, किंवा मुळीच नसेल आणि दुकान बायकोच्या पगारावर चालले असेल, हे सरकारला कळण्याची गरज नाही. मालकालाही नाही काय?

गोविंदपुऱ्याच्या वर्कशॉपवाल्यासाठी 2006 च्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या कायद्याने तर शस्त्रच दिले आहे: नोंदणीकृत लहान उत्पादकाचे बिल फार तर 45 दिवसांत चुकते करावयाचे, न केल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. (नुसत्या व्यापाऱ्याला हे संरक्षण नाही, 2021 मध्ये त्याला या वर्गात घेतले ते बँकेच्या कर्जापुरते.) पण 45 दिवस मोजावयास माल पोचल्याची तारीख तरी हवी. खंडेनवमीला त्या लेथला हार घालतात. डिलिव्हरी चलनाची प्रत कोठे ठेवतात ते विचारू नये.

‘आता सारे मोबाइलमध्ये असते’ असे तरुण म्हणतात. असते खरे. पाच वर्षांचे व्यवहार त्या डबीत असतात, जसे ते तारेवरच्या चिठ्ठ्यांत होते, पाहतो कोण? आणि जानेवारीत हॉटेलच्या सभागृहांत ‘संकल्प’ विकणारे व्याख्याते येतात, त्यांविषयी मी काही लिहीत नाही. उलाढाल दुप्पट करा म्हणणाऱ्याने उधारी किती ते विचारले, असे अद्याप माझ्या कानी आलेले नाही.

माझे मागणे लहान आहे. येत्या आश्विन अमावास्येपूर्वीच्या पंधरवड्यात एक संध्याकाळ काढावी. एका कागदावर येणे नावानिशी आणि तारखेनिशी, देणे तसेच, दुकानात पडून असलेला माल, आणि गल्ल्यातून घरी किती गेले ते लिहावे. तीन वर्षे पुरी होत आलेल्या नावांकडे स्वतः जावे आणि बाकीवर सही मागावी; दिवाळीत नकार देणे माणसाला जड जाते, हा अनुभव आहे. मग तो कागद बायको-मुलांना मोठ्याने वाचून दाखवावा आणि वहीच्या शेजारी पूजेत ठेवावा. तोट्याचा असला तरी ठेवावा.

हे लिहावयास बसण्यापूर्वी मी स्वतः तसा कागद केला. वकिलाच्या फीचीही मुदत तीन वर्षांचीच असते, आणि माझ्या कचेरीत त्या बाबतीत वरील दुकानाहून फारशी वेगळी स्थिती नव्हती, हे कबूल करतो. अकरा नावे निघाली. चौघांची मुदत गेली आहे, दोघे हयात नाहीत, आणि एक गृहस्थ या मासिकाचे जुने वर्गणीदार आहेत. त्यांच्याकडे मी धनत्रयोदशीला संध्याकाळी सहाच्या सुमारास येईन.